टी-३ कॅम्परचे प्लास्टिक कूलंट पाइप गळतात तेव्हा: क्लिप आवळण्याआधी आतली बुश बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी फोक्सवॅगन टी-३ कॅम्पर, इंजिन वॉटर-कूल्ड पेट्रोल. गाडीखालून रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन जाड काळ्या प्लास्टिक पाइपांपैकी एकाच्या मागच्या जोडापाशी कूलंट झिरपतं. क्लिप आवळली तर काही दिवस थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. आणखी आवळली तर उलट वाढलं. आता पाइप चिकटवून भागेल, तोंड कापून दुरुस्त करता येईल, की पूर्ण सेट बदलावा?

आधी निकाल सांगतो. चिकटवून भागणार नाही. तडा फक्त तोंडाच्या ५-६ सेंटिमीटरमध्ये असेल आणि बाकीचा पाइप चिवट असेल, तर खराब भाग कापून स्टेनलेसची नवी बुश (तोंडाच्या आत बसणारा धातूच्या नळीचा तुकडा) बसवणं ही टिकाऊ दुरुस्ती आहे. पाइप ठिसूळ झाला असेल, वाकलेला किंवा फुगलेला असेल, तर दोन्ही मुख्य पाइप धातूचे बसवा आणि विषय संपवा. क्लिप आवळल्यावर गळती का वाढली, हे समजलं की यातलं काय करायचं ते आपोआप ठरतं.

गळती प्लास्टिकची नसते, तोंडाची असते

टी-३ चं इंजिन मागे आणि रेडिएटर अगदी नाकात. १९७९ साली ही गाडी एअर-कूल्ड इंजिनांवर आली. मग १९८१ पासून १.६ डिझेल, १९८२ च्या अखेरीस १.९ आणि १९८५ पासून २.१ लिटरचं वॉटर-कूल्ड बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरचं) इंजिन आलं. पाणी आलं तसे गाडीच्या पोटाखालून जाणारे लांब पाइपही आले. सुरुवातीच्या वॉटर-कूल्ड गाड्यांत ते लोखंडी होते, नंतर प्लास्टिकचे झाले. निर्णय चुकीचा नव्हता. रस्त्यावरचं पाणी आणि मीठ लोखंडी पाइप खातं, प्लास्टिकला त्याचं काही होत नाही.

अडचण टोकाला आहे. रबरी होज चढवून क्लिप आवळायची तर खाली काहीतरी टणक हवं. नुसतं प्लास्टिक सततच्या दाबाखाली, तेही गरम असताना, हळूहळू बसत जातं. क्लिप सैल होते, मग पुन्हा आवळा, ते आणखी बसतं. म्हणून कारखान्यातच पाइपच्या प्रत्येक तोंडात पोलादी नळीचा तुकडा ठोकून बसवलेला असतो. त्याला इथे बुश म्हणतो. बाहेरून रबर, मध्ये प्लास्टिक, आत पोलाद, आणि या तिघांना बाहेरून क्लिपने आवळलेलं, असा हा जोड आहे.

ही बुश दोन तऱ्हांनी दगा देते. पहिली तऱ्हा गंजाची. कूलंट वेळेवर बदललं नाही तर त्यातली गंजरोधक द्रव्यं संपतात, नुसतं ग्लायकॉल आणि पाणी उरतं. बुश गंजायला लागते. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे बुश आणि प्लास्टिक यांच्या मध्ये साठलेला गंज तोंड आतून बाहेर रेटतो. तोंड फुगतं आणि एक दिवस लांबीच्या दिशेने चिरतं. अशा चिरलेल्या तोंडावर क्लिप आवळली की चीर आणखी मागे सरकते. तुमच्याकडे आवळल्यावर गळती वाढली, ती बहुधा यामुळेच.

दुसरी तऱ्हा तापल्याची. पंखा न लागल्याने, एअर अडकल्याने किंवा हेडच्या (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या) गळतीमुळे गाडी एकदा सपाटून तापली की प्लास्टिक मऊ पडतं. बुशवरची पकड सुटते आणि ती तोंडातून सरकते, कधी आत तर कधी बाहेर होजमध्ये. मग क्लिपखाली टणक काहीच उरत नाही. पाइपचं तोंड चेपून लंबगोल होतं आणि कडेने झिरपायला लागतं. यात तडा नसतो, म्हणून बाहेरून सगळं ठीक दिसतं.

कॅम्परमध्ये पहिली तऱ्हा जास्त दिसते. गाडी महिनोन् महिने उभी, किलोमीटर कमी, म्हणून कूलंट बदलणं राहून जातं. कूलंट मात्र किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं.

नक्की कुठून गळतंय ते आधी ठरवा

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. पाइपवरून कूलंट ओघळत जातं आणि कंसापाशी (पाइप गाडीखाली धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटपाशी) किंवा सर्वांत खालच्या वळणापाशी टपकतं. पाइप, होज, कंस सगळं धुऊन कोरडं करा. मग कूलिंग प्रेशर टेस्टर इंजिनकडच्या प्रेशर टाकीवर लावून थंड इंजिनावर १ बार दाब द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा पडला आणि कुठेच ओलं दिसलं नाही, तर हीटरकडे, रेडिएटरकडे आणि इंजिनच्या हेडकडे बघा. या इंजिनांत हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पाण्याच्या जॅकेटचं रबरी सील गळणं हे जुनं दुखणं आहे. तिथलं कूलंट खाली येऊन पाइपवरून आल्यासारखं वाटू शकतं.

थंड असतानाच गळतं आणि गरम झाल्यावर थांबतं, तर बहुतेक होज कडक झालाय किंवा क्लिप सैल आहे. गरम झाल्यावर, दाब चढल्यावर गळतं, तर तोंडात चीर आहे असं धरा. जोडाभोवती पांढरट-हिरवट खपली दिसली तर गळती जुनी आहे. खपली तपकिरी असेल तर आत गंज आहे, तोंड उघडण्याची तयारी ठेवा.

टाकीचं झाकणही याच वेळी टेस्टरवर तपासा. झाकणातला व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर दाब मर्यादेबाहेर चढतो आणि जो जोड सर्वांत कमजोर तो आधी सुटतो. पाइप दुरुस्त करून झाकण तेच ठेवलं, तर पुढचा जोड सुटेल. हेडमधून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तरी हेच होतं. निळ्या रसायनाची तपासणी टाकीच्या तोंडावर करून बघा. रंग निळ्याचा पिवळा झाला तर पाइपवर खर्च करण्याआधी हेडचं काम काढा.

खोलणं

इंजिन पूर्ण थंड हवं, हात लावून नव्हे तर काही तास उभं ठेवून. गाडी जॅकवर उचलून तशीच आत जायचं नाही. चारही बाजूंना भक्कम घोड्या (जॅक-स्टँड) लावा. कॅम्परच्या आतलं सामान, पाण्याची टाकी रिकामी केली तर वजन बरंच उतरतं. खाली पेट्रोलची टाकी आणि नळ्या आहेत, काही गाड्यांत गॅसची टाकीही असते. त्यामुळे गाडीखाली ज्योत किंवा ठिणगी काढणारं हत्यार नको.

यंत्रणेत साधारण १६ ते १८ लिटर कूलंट असतं. दोन मोठी घमेली ठेवा, एक भरलं की दुसरं सरकवायचं. निघालेलं कूलंट मोजून ठेवा, भरताना हा आकडा लागतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रीमांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांना पुरतं. जमिनीवर सांडलेलं लगेच धुवा, जुनं कूलंट झाकणबंद कॅनमध्ये भरून घातक कचऱ्याच्या संकलनाला द्या, गटारात ओतू नका.

कंसांचे स्क्रू आदल्या दिवशीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. होज काढताना मोठ्या पकडीने पिळायचा नाही. आत प्लास्टिकचं तोंड असतं, पिळलं की ते तुटतं. जुना होज तसाही टाकायचाच असतो, म्हणून धारदार पात्याने होजला लांबीच्या दिशेने चीर द्या आणि सोलून काढा. पातं शेवटच्या थरापर्यंत नेऊ नका. उरलेला पातळ थर हाताने फाटतो. प्लास्टिकवर पात्याची एक आडवीतिडवी रेघ उठली, तरी नवा होज त्या रेघेतून गळतो.

तोंड उघडलं की फडक्याने पुसून नीट बघा. व्हर्निअरने बाहेरचा व्यास दोन काटकोनी दिशांना मोजा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे तोंड लंबगोल. तोंडाचा आणि तिथून १० सेंटिमीटर मागचा व्यास ताडून पाहा, तोंडाकडे वाढलेला असेल तर आतून गंजाने फुगलंय. बुश बोटाने हलते का? कडेवर तांबडा गंज आहे का? मग पाइपच्या मधल्या भागावर नखाने दाबा आणि पकडीने हलकंच चेपा. चांगलं नायलॉन (पाइपचं प्लास्टिक त्याच जातीचं आहे) थोडं दबतं आणि परत येतं. करकर आवाज आला, बारीक पांढऱ्या रेषा उठल्या, किंवा कापलेला कीस भुग्यासारखा पडला, तर त्या पाइपवर बुशचं काम करू नका.

चारही तोंडं एकाच वयाची असतात. एक गेलं असेल तर उरलेली तीन उघडून बघितल्याशिवाय कूलंट भरू नये.

चिकटवणं का चालत नाही

हे पाइप नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचे आहेत. नायलॉनवर साधी इपॉक्सी, झटपट गोंद, पीव्हीसीचा गोंद यांपैकी काहीच नीट धरत नाही. वर चाळीसेक वर्षं त्यात ग्लायकॉल आणि पाणी मुरलेलं असतं. पुसून कोरडं दिसलं तरी गरम केल्यावर भिंतीतून ओल बाहेर येते आणि चिकटलेला थर उचलते. दुसरी गोष्ट हालचालीची. नायलॉन तापलं की पोलादाच्या सहा-सात पट प्रसरतं. ३ मीटरचा पाइप थंडीपासून चालू तापमानापर्यंत दीड ते दोन सेंटिमीटर लांबतो. इतकी हालचाल रोज होते, आणि कडक पुट्टीला त्याबरोबर सरकता येत नाही.

हॉट एअरने नायलॉनची काडी वापरून वेल्डिंग करणारे कारागीर आहेत. पाइप सुटा काढून, पूर्ण वाळवून, जाड भागावर हे जमतं. पण बुशच्या वरच्या चिरेवर नाही, कारण खालून फाकवणारा गंज तसाच राहतो. कूलंटमध्ये टाकायच्या गळती-रोधक पावडरीचं तर नावच काढू नका. जाड पाइपच्या जोडावर ती काही करत नाही. हीटरच्या बारीक नळ्यांत, थर्मोस्टॅटपाशी आणि एअर काढायच्या छोट्या भोकांत मात्र ती हमखास साठते.

रस्त्यात अडकलात तर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून चार-पाच थर गुंडाळा, वरून दोन क्लिपा लावा, हळू चालवा. टाकीचं झाकण सैल ठेवून दाब कमी करायची युक्ती बऱ्याच गाड्यांत चालते, इथे करू नका. टी-३ ची प्रेशर टाकी काठोकाठ भरलेली असावी लागते. झाकण सैल असलं की थंड होताना ती बाहेरची हवा ओढते, ती हवा पुढे रेडिएटरमध्ये जाऊन बसते, आणि मग गळतीपेक्षा मोठं संकट उभं राहतं. शिवाय ५०-५० मिश्रण उघड्यावर साधारण १०८ अंशांना उकळतं, १ बार दाबाखाली हीच मर्यादा १२८-१३० अंशांच्या आसपास जाते. हा फरक घाटात लागतो.

नवी बुश बसवणं

खराब तोंड कापायचं ते बारीक दातांच्या करवतीने, पाइपला काटकोनात. पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिची कड जुळवली की सरळ रेघ मिळते. चीर जिथे संपलेली दिसते तिच्यापुढे किमान १५ मिलिमीटर कापा. चिरेचं टोक डोळ्याला दिसतं त्यापेक्षा पुढे असतं. बुश संपते तिथपर्यंत कापलं तर उरलेला पाइप अस्पर्शित मिळतो, आणि हेच बरं. एकूण ५० ते ६० मिलिमीटर जातात. आतली कड पात्याने हलकी उतरवा, बाहेरची ६०० च्या पॉलिश पेपरने.

आता आतला व्यास तीन ठिकाणी मोजा. कॅटलॉगमधल्या आकड्यावर जाऊ नका, जुना पाइप त्या आकड्याचा राहिलेला नसतो. टर्नरला द्यायचं माप असं: स्टेनलेस ३०४ किंवा ३१६, लांबी ५५ मिलिमीटर, भिंत १.५ ते २ मिलिमीटर, बाहेरचा व्यास पाइपच्या आतल्या सरासरी व्यासापेक्षा ०.२ ते ०.३ मिलिमीटर जास्त. आत जाणाऱ्या टोकाला ५ मिलिमीटर लांबीचा उतार आणि पूर्ण गोलवलेली कड. बाहेरच्या टोकाला १ मिलिमीटर जाडीची कॉलर, पाइपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान, म्हणजे बुश आत सरकत नाही आणि होजही तिच्यावरून सहज जातो. साधं पोलाद नको, पुन्हा तीच कथा. ॲल्युमिनिअम चालतं, कूलंटची निगा राखणार असाल तर.

०.३ पेक्षा जास्त ताण देण्याचा मोह टाळा. घट्ट म्हणजे टिकाऊ हे इथे खोटं आहे. जास्त ताणाने बसवलेली बुश पहिल्या थंडीत नायलॉनला आतून चिरते. उलट बुश सैल झाली तर होज आणि क्लिप तिला सावरतात. बुशचं काम क्लिपच्या दाबाला मागून टेकू देणं आहे, पाण्याला अडवणं नव्हे. पाणी अडवतं ते रबर आणि प्लास्टिकचा बाहेरचा पृष्ठभाग.

बसवताना पाइपचं टोक ८०-९० अंश गरम पाण्यात पाच मिनिटं धरा. पाइप गाडीवरच असेल तर उंच भांडं खालून धरावं लागतं, दोन माणसं लागतात. हीट गन वापरू नका, एका जागी जास्त तापतं आणि गाडीखाली धोक्याचंही आहे. बुशला कूलंटचा हात लावा आणि लाकडी ठोकळ्याने सरळ दाबत न्या. तिरकी गेली तर ओढून काढून पुन्हा गरम करा. हातोडीचे घाव घालून सरळ करू नका. बसल्यावर पाइप आपोआप थंड होऊ द्या. बाहेरचा व्यास पुन्हा मोजा. तोंडाकडे ०.३ मिलिमीटरच्या आसपास वाढ चालते, त्याहून जास्त वाढली तर बुश मोठी झालीय.

कापल्याने पाइप आखूड झाला, ती उणीव होजने भरून काढायची. पाइपवर होज ४० मिलिमीटर तरी चढला पाहिजे. आधीचा आकार दिलेला वाकडा होज पुरत नसेल तर स्टेनलेसचा छोटा जोडतुकडा, दोन्ही टोकांना उठाव (होज सटकू नये म्हणून वर आलेली गोल कड) असलेला, मध्ये घाला. ताणून बसवलेला होज पाइपच्या लांबण्या-आखडण्याने रोज थोडा थोडा निघत येतो.

होज ईपीडीएम रबराचा घ्या. सिलिकॉनचा होज दिसायला छान आणि उष्णतेला दणकट, पण त्यातून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर झिरपते आणि मऊ असल्याने क्लिपच्या छिद्रांत घुसतो. वापरायचाच असेल तर आतून सपाट पट्टीची क्लिप लागते. चढवताना साबणाचं पाणी किंवा कूलंट लावा. ग्रीस आणि इंजिन ऑइल ईपीडीएमला फुगवतं.

क्लिपबद्दल मत ठाम आहे. कडा गोलवलेली, पट्टीला आरपार छिद्रं नसलेली, १२ मिलिमीटर रुंदीची स्टेनलेस क्लिप घ्या. ३ ते ४ न्यूटन-मीटरवर थांबा, म्हणजे साध्या स्क्रूड्रायव्हरने आवळून मनगटाला जोर लागायला सुरुवात होते तिथे. टी-बोल्टची जाड क्लिप धातूच्या पाइपवर ठीक, प्लास्टिकवर नको. क्लिपचा मध्य बुशच्या मध्यावर यायला हवा. ती बुशच्या पलीकडे गेली तर तिथलं नुसतं प्लास्टिक चेपतं आणि तुमचं सगळं काम वाया जातं. होजच्या टोकापासून ५ मिलिमीटर आत ठेवली की हे जमतं. स्प्रिंगची क्लिप प्रसरण-आकुंचनाबरोबर चालते, म्हणून तीही उत्तम. फक्त व्यास अचूक मिळाला पाहिजे.

मधल्या भागातली चीर

पाइप कंसावर घासून किंवा चुकीच्या जागी जॅक लावून मध्येच फुटला असेल, तर खराब तुकडा कापून दोन्ही कापलेल्या टोकांत वरच्यासारखीच बुश बसवा आणि वरून १२० मिलिमीटर लांबीचा सरळ होज चढवा. दोन टोकांमध्ये ५ ते १० मिलिमीटर फट ठेवा. ती लांबण्यासाठी लागते, टोकं भिडवली तर गरम झाल्यावर पाइप खाली वाकतो. प्रत्येक बाजूला दोन क्लिपा, त्यांचे स्क्रू एकमेकांच्या समोरासमोर. चीर कशामुळे पडली तेही बघा. कंसाचं रबर गेलं असेल तर नवं घाला. पाइप कंसात धरलेला असावा पण अडकलेला नसावा, हाताने ओढल्यावर थोडा सरकला पाहिजे.

सगळे पाइप धातूचे करायचे तर

पाइप ठिसूळ असेल, दोनपेक्षा जास्त तोंडं गेली असतील, किंवा गाडी आधी एकदा सपाटून तापली असेल, तर बुश करत बसण्यात अर्थ नाही. तयार स्टेनलेस सेट मिळतात. बनवून घ्यायचे तर ३८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, १.५ मिलिमीटर भिंतीची ३०४ दर्जाची नळी घ्या. प्रत्येक टोकाला गोल उठाव हवाच. गुळगुळीत नळीवरून होज दाबाखाली सटकतो. वेल्डिंगचा उठाव नको, तो एकसारखा येत नाही. रोल करून काढलेला हवा. तुमच्या होजचा आतला व्यास मोजल्याशिवाय नळी घेऊ नका, जुन्या पाइपच्या बाहेरच्या मापात आणि ३८ मध्ये फरक निघाला तर होजही त्याप्रमाणे घ्यावे लागतात.

वळणं जुन्या पाइपवर टेम्पलेट करून घ्या. म्हणजे जुने पाइप आधी अखंड काढायचे, आणि नवे बसून तपासून होईपर्यंत टाकायचे नाहीत. स्टेनलेस त्याच तापमानात ३ मीटरला ४ मिलिमीटरच्या आसपास लांबतं, तेव्हा ताण कमी. पण धातू कंसावर वाजतो, म्हणून प्रत्येक कंसात जाड रबर हवं. गाडीच्या पत्र्याला आणि गिअरच्या लांब दांड्याला तो कुठेही लागता कामा नये. मधले सगळे गिअर टाकून दांडा फिरवून बघा.

पाइप उघडे असतानाच हीटरकडचे बारीक होज आणि प्लास्टिकचे टी-जोड बदलून घ्या. जुना टी-जोड बोटांनी मोडतो इतका ठिसूळ होतो, आणि मोठे जोड पक्के झाले की सर्वांत कमजोर तोच उरतो. पितळी टी-जोड घातले की पुन्हा बघावं लागत नाही.

भरणं आणि एअर काढणं

या गाडीत चांगली दुरुस्ती वाया जाते ती इथे. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये दोन लांब आडवे पाइप, त्यामुळे हवा अडकायला भरपूर जागा. अडकलेल्या हवेने गाडी तापते, आणि तापली की वर सांगितलेली दुसरी तऱ्हा सुरू होते.

आधी गाळ असेल तर साध्या पाण्याने फ्लश करून शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. मग ॲल्युमिनिअम इंजिनाला चालणारं, फॉस्फेट नसलेलं, पाणी न मिसळलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी समसमान, म्हणजे असं कूलंट ८-९ लिटर. ४० टक्क्यांखाली गंजरोध कमी पडतो, ६० च्या वर उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते. कूलंटचे जुना निळा-हिरवा जी-११ आणि सुरुवातीचा लाल जी-१२ हे प्रकार एकत्र करू नका, तपकिरी चिखल होतो. आत काय होतं ते ठाऊक नसेल तर पूर्ण फ्लश करूनच भरा.

गाडीचं नाक सुमारे ४० सेंटिमीटर उचला, म्हणजे रेडिएटरच्या वरचा एअर स्क्रू सर्वांत उंच येतो. हीटरचे नियंत्रक पूर्ण गरमवर, मागच्या बाकाखाली हीटर असेल तर त्याचाही नळ उघडा. इंजिनकडे एअर काढायचा व्हॉल्व्ह असेल तर तोही. प्रेशर टाकीतून सावकाश भरा. पातळी थांबली की इंजिन चालू करून २००० फेऱ्यांच्या आसपास धरा आणि टाकी काठोकाठ ठेवत राहा. एकाने मागे ओतायचं, दुसऱ्याने पुढच्या स्क्रूवर लक्ष ठेवायचं. आधी हवा फुसफुसते, मग फेस, मग अखंड धार. अखंड धार आल्याशिवाय स्क्रू बंद करू नका. धार थांबून पुन्हा बुडबुडे आले तर परत उघडा. नंतर मागचा व्हॉल्व्ह बंद, टाकी भरून झाकण लावा, नंबरप्लेटमागची बाटली (प्रेशर टाकीला जोडलेली जादा कूलंटची) खुणेपर्यंत भरा.

आता मोजून ठेवलेला आकडा काढा. आत भरलेलं कूलंट निघालेल्यापेक्षा २-३ लिटरने कमी असेल तर हवा आहे, गाडी खाली उतरवू नका. हीटरमधून गार हवा येत असेल किंवा इंजिन गरम असून रेडिएटर गार असेल, तरीही हवा आहे.

पंखा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. पंखा लागतो की नाही हे आजच बघायचं, घाटात नव्हे. मग बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि दाब देऊन जोड पुन्हा तपासा. नवा होज पहिल्या एक-दोन तापण्यांत थोडा बसतो, त्यामुळे गार इंजिनावर क्लिपला पाव फेरा द्यावा लागेल. १०० किलोमीटरनंतर एकदा, ५०० नंतर एकदा. त्यापुढे आवळायची गरज पडत राहिली तर आवळू नका, तो जोड खोला. बुश सरकलेली सापडेल.

डॅशवरचा तापमानाचा दिवा लुकलुकला तर पातळीही कमी असू शकते, नुसतं तापमान बघून निश्चिंत होऊ नका. नंबरप्लेटमागच्या बाटलीतली पातळी पहिले काही आठवडे रोज सकाळी गार इंजिनावर बघा. ती खाली गेली आणि खाली जमीन कोरडी असेल, तर पाइप नव्हे, हेड तपासायला घ्या. कूलंट दर दोन-तीन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी.